गॅसचा ट्रक म्हणजे सिलेंडरवाला का रं?

दीड वर्षापूर्वी ट्रक घेतला तेव्हा पहिला फोन तात्यांना केला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, वय बहात्तर, वाळव्याकडं राहतात, आणि उभी हयात ट्रॅक्टरच्या सीटवर गेलेली. म्हटलं तात्या, सेकंडहँड ट्रक घेतला, हेवी ड्यूटी, गॅसचा आहे. पलीकडं जरा वेळ शांतता, मग म्हणाले, "गॅसचा म्हंजे सिलेंडरवाला का रं?"

आता वीस वर्षं इथं अमेरिकेत राहून पेट्रोलला गॅस म्हणायची इतकी सवय लागली आहे की आपण काय बोललो हे कळायलाच दोन सेकंद गेली. म्हटलं नाही हो, पेट्रोल, पेट्रोल. तर ते आणखीच काळजीत पडले. "ट्रक आणि पेट्रोलवर? कुणी गंडवलं तुला?" आणि त्याच्या पाठोपाठ तो प्रश्न जो महाराष्ट्रात कुठलीही गाडी घेतली की नारळ फुटायच्या आधी विचारला जातो. किती देती?

खरं सांगायचं तर इथं या वर्गातल्या ट्रकच्या, म्हणजे जड ओझ्याच्या पिकअपच्या, स्टिकरवर मायलेज लिहिलेलंच नसतं. भरलेल्या वजनाची मर्यादा साडेआठ हजार पौंडांच्या वर असलेल्या पिकअपना ते सरकारी लेबल लागत नाही, त्यामुळं नवा ट्रक घेणारा माणूससुद्धा आंधळेपणानंच घेतो. पण मला माहीत होतं. मी म्हटलं, मोकळा असला की साडेपाचच्या आसपास, आणि ट्रेलर मागं असला की पावणेचार.

"पावणेचार काय?"

"लिटरला किलोमीटर."

"बरं," म्हणाले, आणि फोन काकूंकडं दिला.

---

तर हा पेट्रोलचा, सेकंडहँड, वीस फूट लांब, आमच्या गॅरेजमध्ये न मावणारा ट्रक मी का घेतला ते सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की फोर्ड का चेवी का रॅम ही भांडणं सुरू होतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो, आपल्याकडं ट्रॅक्टरवरून होतात तशीच.

आम्ही कोलोरॅडोत राहतो, डेन्व्हरच्या उत्तरेला. करोनाच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यात जे शिरलं तेच आमच्याही शिरलं आणि आम्ही सव्वीस फुटी कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला, म्हणजे चाकावरचं घर, आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, बाथरूम, सगळं. तेव्हा आमच्याकडं साधा पिकअप होता, इथं ज्याला हाफ-टन म्हणतात तो. विकणारा म्हणाला की तुमचा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो आणि ट्रेलर भरून सात हजार होईल, काही टेन्शन नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता, ओढायचं म्हणाल तर तो ट्रक ओढायचाच.

पहिल्याच मोठ्या ट्रिपला आम्ही साउथ डकोटाला, ब्लॅक हिल्सकडं निघालो. आय-पंचवीस हायवे उत्तरेला वेलिंग्टनच्या पुढं गेला की झाडं संपतात, घरं संपतात, आणि शायानपर्यंत नुसतं माळरान आणि वारा. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली लावलेल्या, मागच्या कपाटात डबे, कोळशाची पोती, पोराची खेळणी, बायकोनं निम्मं स्वयंपाकघर भरलेलं. पासष्ट मैलांवर चाललो होतो आणि डावीकडून वाऱ्याचा एक धक्का आला. आरशात बघितलं तर ट्रेलरचं शेपूट डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं पण आधीपेक्षा जास्त. आणि मग ट्रकचा मागचा भागही त्याच तालात हलायला लागला, म्हणजे मी स्टिअरिंग सरळ धरलंय आणि बूड मात्र दुसरंच कुणीतरी हलवतंय.

मी जे करू नये तेच केलं, ब्रेक दाबला. ब्रेक दाबला की पुढचा ट्रक मंदावतो, मागचं वजन ढकलत येतं आणि झोका वाढतो. मग कुठंतरी वाचलेलं आठवलं, ब्रेकवरचा पाय काढला, आणि डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेकचा वेगळा खटका असतो तो बोटानं सरकवला. तो फक्त ट्रेलरचेच ब्रेक लावतो, त्यामुळं ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो. झाला. सगळं मिळून सात-आठ सेकंद असतील. पुढच्या एक्झिटला गाडी बाजूला घेतली तेव्हा पोरगी मागून म्हणाली, बाबा परत करा ना तसं.

रात्री कॅम्पवरून तात्यांना फोन केला, तिकडं सकाळ होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बोजा कुठं टाकलावतास, पुढं का मागं?"

म्हटलं मागं.

"मग उलाळली की लेका."

---

हा शब्द मी पंचवीस-तीस वर्षांनी ऐकला असेल. बैलगाडीत मागं जास्त वजन झालं की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवरचं वजन जातं, गाडी मागं कलंडते, ती उलाळणं. आणि पुढं जास्त झालं की बैल बिचारे मानेनं दबतात. म्हणून ऊस भरणारा माणूस मोळ्या टाकता टाकता मधेच जू हातानं उचलून बघायचा, फार हलकंही नको आणि फार जडही नको. इथं त्याच गोष्टीला टंग वेट म्हणतात आणि त्याचा नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या बॉलवर, म्हणजे ट्रकमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्याच्यावर, यायला पाहिजे. त्याच्याखाली गेलं की शेपूट हलणार. जे मी तीन रात्री इंटरनेटवर वाचत बसलो असतो ते तात्यांनी एका शब्दात उरकलं, आणि त्यांना जू उचलून कळतं ते मला कळायला काट्यावर जावं लागलं.

काटा म्हणजे अगदी कारखान्यावर असतो तसाच. इथं हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणून वजनकाटे असतात, लोखंडी प्लेटी जमिनीच्या पातळीत, पुढच्या ॲक्सलला एक, मागच्या ॲक्सलला एक, ट्रेलरला एक. खिडकीतून हात काढून खांबावरचं बटण दाबायचं, आतली बाई विचारते पहिलं वजन का दुसरं, आणि पंधराएक डॉलरमध्ये छापील पावती. मी लहानपणी तात्यांबरोबर कारखान्याच्या नंबरात अख्खी रात्र ट्रॉलीवर झोपलोय, शेकोट्या, मळीचा वास, पहाटे तीनला कुणीतरी ओरडणार की नंबर आला. भरलेलं वजन, मग खाली करून रिकामं वजन. आणि शेतकऱ्याचा काट्यावर कधीही विश्वास नसतो. इथं पहिल्यांदा काट्यावर चढलो तेव्हा माझ्याही मनात आलंच की हा काटा मारत तर नसेल.

काट्यानं जे सांगितलं ते असं. सायकली काढून ट्रकमध्ये टाकल्या, मागचं सामान ट्रेलरच्या पुढच्या पेटीत घेतलं, टंग वेट तेरा टक्क्यांवर आणलं, ट्रेलर एकदम शहाण्यासारखा चालायला लागला. पण आता बॉलवर नऊशे पौंड. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्याच्या वर जाऊ नका, आमच्या ट्रकला तो आकडा होता १४८० पौंड. नऊशे बॉलवरचे, आम्ही चौघं ५६०, हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं, लोखंड नव्वद, सायकली आणि कूलर आणि लाकडं दोनशे. करा बेरीज. १७५०.

म्हणजे वजन मागं ठेवलं तर शेपूट हलतं, पुढं घेतलं तर ट्रक बसतो. नऊ हजार पौंड ओढणारा ट्रक, पण चार माणसं, चार सायकली आणि बॉलवरचं वजन पाठीवर घ्यायला कमी पडतो. जाहिरातीत सगळे ओढण्याचा आकडा सांगतात, मोठ्या अक्षरात. पाठीवर किती घेतो ते मात्र दरवाजा उघडून, खाली वाकून, चष्मा लावून वाचावं लागतं.

म्हणून हेवी ड्यूटी.

---

मग डिझेल का पेट्रोल. इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर ज्यांनी आयुष्यात ट्रेलर ओढला नाही त्या सगळ्यांनी सांगितलं, डिझेल घे. हे आपल्या रक्तातच आहे. आपल्याकडं पेट्रोल म्हणजे मोटारसायकल आणि डिझेल म्हणजे काम. आणि त्याला कारणही होतं, कितीतरी वर्षं डिझेल सरकारी दरानं स्वस्त मिळायचं, पेट्रोलचे दर २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे व्हायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. इथं उलटं आहे. इथं डिझेलवर केंद्राचा करच जास्त, गॅलनला २४.४ सेंट, पेट्रोलवर १८.४, आणि पंपावरचा बोर्ड बघितला तर डिझेल बहुतेक वेळा महागच.

मी वर्षाला ट्रेलर जोडून साधारण चार हजार मैल जातो. हिशेब केला, कागदावर, तात्या करतात तसा. पेट्रोलवर साडेचारशे गॅलन, डिझेलवर साडेतीनशे धरा. डिझेल महाग म्हणून शेवटी वाचतात वर्षाचे शंभर-दीडशे डॉलर. आणि मी बघत होतो त्या सेकंडहँड ट्रकांमध्ये तेवढ्याच वयाचा डिझेल अकरा हजार डॉलरनं महाग. पैसे वसूल व्हायला निदान सत्तर-पंचाहत्तर वर्षं. माझ्या पोराला त्याच्या रिटायरमेंटला फायदा झाला असता. ऑइल बदलायचं तर पेट्रोलला सात क्वार्ट, डिझेलला तेरा. शिवाय डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, शिवाय ते डीईएफचं निळं झाकण, म्हणजे धूर साफ करायचं द्रावण वेगळं ओतायचं, आणि डिझेलचा हाय प्रेशर पंप गेला की पुढं इंजेक्टरही घेऊन जातो, आणि त्या बिलात आमच्या गावाकडं गुंठाभर जमीन येईल.

आणि गंमत म्हणजे डिझेलचं इंजिन इतकं जड असतं की त्याच मॉडेलच्या पेट्रोल ट्रकपेक्षा त्याचं पेलोड, म्हणजे पाठीवर घ्यायचं वजन, कमी भरतं, दोघांची गाडीसकट एकूण दहा हजार पौंडांची मर्यादा सारखीच म्हणून. मला तर पाठच पाहिजे होती. माझ्या ट्रकच्या स्टिकरवर २९४०.

हे डीपीएफचं मी तात्यांना समजावून सांगायला लागलो तर त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत. शेजाऱ्याच्या पोरानं बीएस-सिक्स आल्यावर नवी डिझेल गाडी घेतली, गावातल्या गावात फिरवतो, आणि महिन्याला तो दिवा लागतो की हा बाबा हायवेला जाऊन उगीचच चाळीस किलोमीटर पळवून आणतो, फिल्टरमधली काजळी जाळायला. "तसलं न्हाई ना तुझ्यात?" म्हणाले. म्हटलं नाही. "मग असू दे."

बाकी डिझेलवाल्यांना एक मान द्यायलाच पाहिजे, आणि तो पुढं घाटात देतो.

---

सेकंडहँड ट्रक बघायला गेलो तेव्हा तात्यांनी फोनवरून परीक्षा घेतली. मी सांगितलं २०१७ चं मॉडेल, एक लाख आठ हजार मैल, एका बांधकाम कंत्राटदाराकडचा, पांढरा. तात्या म्हणाले मैल राहू दे, तास किती झालेत?

मला हसू आलं, ट्रॅक्टर थोडीच आहे. मग सहज डॅशबोर्डच्या मेनूत शिरलो तर खरंच होते, इंजिनचे एकूण तास ४९००, त्यातले नुसते उभ्या-उभ्या आयडलवर १९००. म्हणजे साहेब लोक एसी लावून आत जेवत बसले असणार, कोलोरॅडोच्या थंडीत हीटर लावून. आयडलचा एक तास म्हणजे पंचवीस-तीस मैल पळाल्यासारखं धरतात, त्या हिशेबानं ओडोमीटरवर न दिसणारे पन्नासएक हजार मैल. हे मी विकणाऱ्याला सांगितलं आणि त्यानं कुरकुरत अठराशे डॉलर कमी केले. तात्यांचं कमिशन मी अजून दिलेलं नाही.

बाकी बघितलं ते असं की मागच्या हौद्याच्या मधोमध गूजनेकचं, म्हणजे हौद्यातूनच जड ट्रेलर जोडायचं, छिद्र पाडलंय का, पाडलं असलं तर यानं मोठमोठी ओझी ओढलीत, नव्हतं पाडलेलं. हिचच्या पिनेचं भोक गोल आहे का लांबुळकं झालंय, गोल होतं. ट्रान्समिशनचं तेल बोटावर घेऊन वास घेतला, जळकट नव्हतं. खाली शिरून गंज बघितला. सीट ड्रायव्हरच्या बाजूला फाटलेली, आत सगळीकडं प्लास्टरची पांढरी धूळ, अजूनही व्हेंट पूर्ण उघडला की थोडी येते.

आणि एक टिकटिक. थंड इंजिन सुरू केलं की पहिली चार-पाच मिनिटं उजवीकडून टिक टिक टिक, शिलाई मशीनसारखं, गरम झालं की बंद. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचा, बोल्ट. या वर्गातल्या पेट्रोल इंजिनांची ही जुनी खोड, मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचं, हेड ॲल्युमिनियमचं, दोघं गरम झाल्यावर वेगवेगळं फुगतात, वर्षानुवर्षं ओझं ओढून ओढून शेवटी सगळ्यात मागचा बोल्ट तुटतो, आणि त्या फटीतून धूर टिकटिकतो. गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते म्हणून आवाज जातो. एका गॅरेजनं सोळाशे डॉलर सांगितले. मग एक घरी येणारा मेक्सिकन मिस्त्री मिळाला, चिवावाचा, शब्दाला महाग माणूस. चाकाच्या आतलं प्लास्टिक काढलं, डोकं आत घातलं आणि मोडलेल्या बोल्टच्या टोकावर नवा नट ठेवून वेल्ड केला, लाल असतानाच थांबला, थोडं गार होऊ दिलं, आणि पाना लावून हळूहळू, मागंपुढं, मागंपुढं करत तो तुकडा बाहेर काढला. मी श्वास रोखून बघत होतो. दोन बोल्ट, अर्धा दिवस, सातशे डॉलर. व्हिडिओ तात्यांना पाठवला तर म्हणाले इस्लामपूरला आपला मिस्त्री असंच काढायचा की, त्यात काय.

---

एरवी या ट्रकबरोबर राहणं म्हणजे घरात एक जावई येऊन राहिल्यासारखं आहे. पार्किंगमध्ये सगळ्यात लांब लावायचा, म्हणजे रोज आपोआप चालणं होतं. टाकी चौतीस गॅलनची, जवळजवळ एकशे तीस लिटर, पंपावर उभा राहिलो की मागचा माणूस लेन बदलतो. मोकळा चालवला की स्पीड ब्रेकरवर असा उसळतो की चहा हातात धरायची सोय नाही, टायरमध्ये ऐंशी पौंड हवा, स्प्रिंगा ओझ्यासाठी बनवलेल्या, ओझं नसलं की त्यांना करमत नाही. बायको पहिले तीन महिने त्यात बसायला तयार नव्हती, मग एकदा तीन फूट बर्फ पडलं आणि आमच्या गल्लीत फक्त हाच हलला, तेव्हापासून किल्ली तिच्या पर्समध्ये असते.

मंडळाच्या गणपतीत तर आता याला न विचारताच गृहीत धरतात. हौद्यात प्लायवूड टाकून मखर, बाजूला दोन ताशे, मी पाच मैलांच्या वेगानं पहिल्या गियरमध्ये. मागच्या वर्षी एकानं विचारलं की काय रे, ट्रक वगैरे, एकदम गोऱ्यांसारखा झालास. मी काय बोलणार. आमच्या गल्लीतल्या गोऱ्यांकडं टेस्ला आहेत.

---

आता घाट.

डेन्व्हर आधीच १६०९ मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे आम्ही जिथं दूध आणायला जातो तिथपासून कळसूबाईचं टोक दोन-तीन ताड उंच, बास. तिथून आय-सत्तर पश्चिमेला चढायला लागतो, फ्लॉइड हिल, जॉर्जटाउन, सिल्व्हर प्लूम, आणि साठएक मैलांवर आयझेनहॉवर बोगदा, ११,१५८ फूट. बोगद्याचा पहिला नळ १९७३ ला सुरू झाला, दुसरा १९७९ ला. डोक्यावर खंडाचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगररांग, अलीकडचा बर्फ वितळून अटलांटिकच्या बाजूला जातो, पलीकडचा पॅसिफिकच्या, आपल्या महाबळेश्वरावर एका अंगाला सावित्री कोकणात उतरते आणि दुसऱ्या अंगानं कृष्णा तात्यांच्या रानाकडं येते तसं.

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं. अकरा हजारांवर एक तृतीयांश हवाच नाही, त्यामुळं कागदावरच्या पावणेचारशे-चारशे घोड्यांपैकी सव्वाशे घोडे खालीच बसून राहतात. डिझेलला टर्बो असतो, तो पातळ हवा कोंबून भरतो, म्हणून जॉर्जटाउनच्या पुढच्या चढावर डिझेलवाले डाव्या लेननं साठ मैलांनी जातात आणि मी उजव्या लेनला मोठ्या ट्रकांच्या रांगेत पंचेचाळीसनं, साडेचार हजार आरपीएमवर, इंजिन असं किंचाळतंय की बायको रेडिओ बंद करते. हाच तो मान. दिला. पहिल्या वेळी मला वाटलं काहीतरी मोडणार. मोडत नाही, पेट्रोलचं इंजिन वरच्या आरपीएमलाच कामाचं असतं, फक्त आपल्या कानाला ते पटत नाही. टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही.

तात्यांना याचंच हसू. तुमचे चारशे घोडे आणि साडेतीन टनांची ट्रॉली. आमचा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस ओढतोय की. म्हटलं तात्या, तुम्ही ताशी पंधरा किलोमीटरनं ओढता, मी सत्तरनं, आणि घाट चढत. ओढायला नुसता जोर लागतो, वेगानं ओढायला घोडे लागतात. "मग सावकाश जा की," म्हणाले. आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

खरी गोष्ट बोगद्याच्या पलीकडं आहे. सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांच्या आसपासचा उतार, मैलोन्‌मैल, आणि बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ काढून ठेवलेत, ते बघूनच पायात गोळा येतो. आपल्याकडं उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे कितीतरी बघितलेत. तात्या त्यांना शिव्या घालायचे. कारखान्याच्या ट्रॉल्यांना ब्रेकच नसायचे, सगळं वजन ट्रॅक्टरच्या अंगावर येणार, त्यामुळं ज्या गियरनं चढलास त्याच गियरनं उतर, हे मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून ऐकलंय. इथं टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढतानाचं, बटण दाबलं की ट्रक तेच स्वतः करतो, एकदा ब्रेकला टेकलं की गियर खाली, इंजिन गुरगुरतं आणि सात टनांचं लटांबर चाळीसला धरून ठेवतं. पेट्रोलचं इंजिन उतारावर निसर्गतःच ओढून धरतं, आत हवा घ्यायचं तोंड बंद झालं की पिस्टनांना पोकळीशी झगडावं लागतं. डिझेलचं ते तोंड तसं बंद होत नाही म्हणून त्याला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. खालपर्यंत मी पायानं ब्रेक पाच-सहा वेळाच दाबला असेल.

खाली डिलनच्या तलावाजवळ थांबलो. जूनमध्येही वरती बर्फ, तलावावर गार वारा, पोरं उतरून पळाली. मी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्रीचे साडेअकरा झाले असतील पण म्हातारा जागाच असतो. डोंगर दाखवले, तलाव दाखवला. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता.

"चाकास्नी हात लावून बघितलास का?"

घाट उतरला की ते खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मधोमध पालथा हात टेकवून बघायचे, मला आठवत होतं, पण मी कधी केलं नव्हतं. मोबाईल एका हातात धरून गेलो. ट्रेलरची चार चाकं. पहिलं कोमट. दुसरं कोमट. तिसरं कोमट. चौथ्यावर हात टेकवला आणि झटकन ओढला.

"झालं," तात्या म्हणाले, "बेरिंग. ग्रीस कधी भरलंवतंस?"

ट्रेलर घेतल्यापासून एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गावात जागेवर येऊन दुरुस्ती करणारा एक मेकॅनिक आला, चाक काढलं, आतलं ग्रीस काळं, खडबडीत, जवळजवळ माती. बेरिंगवर निळसर डाग. अजून शंभरेक मैल, म्हणाला, जास्तीत जास्त. चारही चाकांची बेरिंग धुऊन, एक नवं घालून, साडेतीनशे डॉलर.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मी चटका बसलेला हात पॅन्टला पुसत तात्यांना ट्रेलरचा सगळा जोड दाखवत पुढं आलो, हे हिच, ही सेफ्टीची साखळी, हा सात पिनांचा प्लग, हे बॉलवरचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारे दांडे. ते चष्मा वर करून मोबाईलमध्ये डोकं घालून बघत होते.

"थांब. मागं घे. त्ये दोन काय हायत?"

ट्रेलरच्या जिभेवर, अगदी पुढं, दोन पांढरे प्रोपेनचे सिलेंडर शेजारी शेजारी बसवलेले असतात. आतल्या शेगडीसाठी.

"सिलेंडर आहेत, तात्या. गॅसचे."

"आगं, ए," तात्या आत काकूंना हाक मारत म्हणाले, "म्या म्हणत नव्हतो?"